महिला समाधानी असल्याचा शेरा

वस्तीत त्यांना सगळे वहिनी म्हणत. सुरुवात नवऱ्याच्या मित्रांनी केली, मग भाजीवाल्याने तोच शब्द उचलला, आणि पुढे वडिलांच्या वयाची माणसंही वहिनी म्हणूनच हाक मारू लागली. लग्नाआधी त्या एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात टेलिफोनवर बसायच्या. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलून बोलून इंग्रजी जिभेवर चढलं होतं. लग्नानंतर ते औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यापुरतं उरलं. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे विचारायला बायका दारात यायच्या आणि वहिनी ओले हात पुसत पुसत सांगायच्या.

वहिनी मर्यादेच्या. सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि काही शब्द तर त्या तोंडात कधी आलेच नव्हते. संडासाला त्या ‘तिकडे’ म्हणत, पाळीला ‘अडचण’, आणि डॉक्टरीणबाईंसमोरसुद्धा बोट दाखवून काम भागवत. सासूबाई म्हणायच्या, “आमच्या सुनेला पोटाच्या खाली शरीरच दिलं नाही देवाने.” हे कौतुक की टोमणा, याचा वहिनींना कधी उलगडा झाला नाही. त्या आपलं कौतुकच धरून चालायच्या.

वस्तीच्या टोकाला परदेशी मदतीतून बायकांसाठी संडास बांधले होते. निळ्या फरश्या, पांढऱ्या भिंती, बाहेर दोन देशांचे झेंडे रंगवलेली पाटी. दिसायला देखणं काम. पण दारं उघडायची ती थेट रस्त्याकडे, आणि समोरच सायकल दुरुस्तीचं दुकान, जिथे सायकलींपेक्षा रिकामटेकडेच जास्त. पहिल्याच वर्षी चौकटी खचल्या आणि कड्या भोकात बसेनाशा झाल्या. मग एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. दुसरी मिळाली नाही तर दम काढायचा. बायकांनी त्यावर सोपा उपाय शोधला. त्यांनी पाणी पिणंच कमी केलं.

त्याचा सगळ्यात जास्त मार बसला तो इस्त्रीवाल्या मावशींना. या सासूबाईंच्या जुन्या मैत्रीण. तोंड असं की वस्ती त्यांना तोफमावशी म्हणे. दिवसभर तापलेल्या इस्त्रीपाशी उभं राहायचं आणि पाणी मात्र चोरून घोटभर. दोनदा त्या तापाने फणफणून दवाखान्यात पडून आल्या होत्या.

अशात एक दिवस मदत देणाऱ्या देशाचे साहेब काम कसं चाललंय ते बघायला आले. म्हातारे, सभ्य, आल्या आल्या सगळ्यांना वाकून नमस्कार करणारे. सोबत प्रकल्पाचे अधिकारी होते, पण दुभाषी आजारी पडलेला. “कुणाला इंग्रजी येतं का?” अधिकाऱ्यांनी विचारलं, आणि वहिनींचे यजमान छाती काढून म्हणाले, “आमच्या हिला येतं की!”

अंगणात खुर्च्या मांडल्या. वहिनी साहेबांशेजारी अंग चोरून बसल्या. समोर बायका, मागे भिंतीला टेकून पुरुष.

“विचार म्हणावं काय विचारायचं ते,” तोफमावशी म्हणाल्या, आणि कुणी विचारायच्या आतच सुरू झाल्या. “सांग त्यांना, सूनबाई. कडी लागत नाही. आत बसलं की एक हात दाराला. लघवी धरून धरून मला आग होते, जळजळ होते, एकदा तर रक्त गेलं. सांग.”

पलीकडच्या शिंपीणबाईने मान खाली घालून भर घातली, “आणि पाळीच्या दिवसांत मी बहिणीकडे जाते. बस बदलून. कापड बदलायला तिथे जागाच नाही. धुवायचं कुठं? टाकायचं कुठं?”

साहेब वहिनींकडे वळले. पेन उघडं, चेहरा अगदी लक्ष देणारा. वहिनींच्या वडिलांसारखीच पांढरी मिशी.

शब्द येत नव्हते असं नाही. येत होते, एकूण एक येत होते. पण मागे भिंतीशी दीर उभे होते, अधिकारी होते, सायकलवालाही कान देऊन उभा होता. इंग्रजी त्यांना कळो न कळो, एखाद-दुसरा शब्द कळलाच असता. वहिनींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी साहेबांना सांगितलं, की दाराची थोडी गैरसोय आहे, पण सोय झाल्याबद्दल बायका आभारी आहेत.

साहेबांनी लिहून घेतलं. पाचपैकी किती गुण द्याल, असं विचारलं. वहिनींनी बायकांना विचारलं.

“शून्य!” मावशी म्हणाल्या. “आणि वर सांग, एकदा स्वतः आत बसून या. मी धरते दार!”

अंगणभर हसू फुटलं. साहेबही हसले, कारण सगळे हसत होते. “चार,” वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी भांडी लावताना सासूबाई म्हणाल्या, “इंग्रजी भाषा मोठी आटोपशीर दिसते गं.”

“म्हणजे?”

“नाही, त्या दोघी एवढ्या बोलल्या, आणि तुझं दोन वाक्यांत झालं.”

वहिनींनी एकच पातेलं दोनदा विसळलं.

पुढे काही महिन्यांनी पाटीशेजारी एक कागद चिकटवलेला दिसला. प्रकल्प यशस्वी झाला असून महिला समाधानी आहेत, तरी वर्षअखेर तो बंद करण्यात येईल. म्हणजे दुरुस्तीला येणारा माणूसही बंद. तोफमावशींनी तो कागद शिंपीणबाईकडून वाचून घेतला आणि तशाच वहिनींच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“कोण समाधानी? मला त्या बाईला भेटायचंय.”

“सरकारी कागद आहे मावशी, असंच लिहितात,” वहिनी म्हणाल्या.

“असंच कसं? कुणीतरी लिहिलंय ना? माझ्या गिऱ्हाइकांत एक वकील आहेत. ते म्हणाले, अर्ज केला की सरकारला कागद दाखवावेच लागतात. बंद व्हायच्या आत हरकत घेतली तर दारं बदलून घेता येतील, नंतर कुणी विचारणार नाही. तू अर्ज लिही. तुझ्यासारखं कोण लिहिणार?”

वहिनींनी अर्ज लिहिला. सुवाच्य, समास सोडून, अगदी नम्र. फक्त काय हवं ते लिहिताना त्यांनी ‘बांधकामाचा तपशील’ एवढंच लिहिलं. त्याप्रमाणे उत्तर आलं. किती पोती सिमेंट, कुठल्या मापाच्या फरश्या.

“मी काय फरश्या चाटायला मागितल्या होत्या?” मावशी म्हणाल्या. “आपण काय बोललो ते कुठंय? तो म्हातारा लिहून घेत होता ते? ते माग.”

शिंपीणबाई शेजारी बसून राहिली, तेव्हा दुसरा अर्ज नीट लिहावाच लागला. ‘महिलांच्या मुलाखती व मूल्यमापनाचा अहवाल.’ त्या दिवसापासून वहिनी रोज प्रार्थनेला बसल्या की एक मागणं मनात यायचं, आणि त्या घाईघाईने दुसरं काहीतरी म्हणायच्या. देवाला सगळं कळतं हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. तो आधार वाटायचा. आता त्याची भीती वाटू लागली. कारण मागणं एवढंच होतं, की अर्ज नामंजूर होऊ दे.

आणि तो झाला. कागद मदत देणाऱ्या देशाचे असल्याने त्यांच्या संमतीशिवाय देता येत नाहीत, असं पत्र आलं. वहिनींनी ते दारातच उघडून वाचलं आणि त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्या घरात येऊन चहा करून प्यायल्या. कप अर्धा झाला तेव्हा गल्लीतून तोफमावशी जाताना दिसल्या. भिंतीला हात धरत, दर चार पावलांनी थांबत. तिसऱ्यांदा ताप होता. उरलेला चहा वहिनींनी मोरीत ओतला.

यजमानांना मात्र पत्राचा राग आला. “अशी कशी संमती? वरच्या साहेबांकडे अपील कर. माझी बायको तिथे दुभाषी होती, तिला माहीत नाही होय काय काय झालं?” त्यांनी स्वतःच अपिलाची प्रत करून आणली. वहिनींना त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

अपील मंजूर झालं. ऑफिसात येऊन फाईल बघा, प्रकल्प बंद व्हायच्या आत हरकत असेल तर तिथेच नोंदवा.

तिघी गेल्या. मावशी, शिंपीणबाई आणि वहिनी. लांबट खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, वर करकरणारा पंखा. माहिती अधिकारी तरुण होते, मऊ बोलणारे. त्यांनी स्वतः खुर्च्या पुसून दिल्या. कोपऱ्यात एक कारकून शिक्के मारत होता.

फाईल इंग्रजीत होती. “वाच,” मावशी म्हणाल्या. “मला त्या दिवशी साहेबांबरोबर आलेल्या अधिकाऱ्याचं नाव हवंय. त्यानेच गिळलंय आपलं बोलणं, लिहून घे माझ्याकडून.”

वहिनींनी पान काढलं. साहेबांचं अक्षर टपोरं होतं. महिलांशी त्यांच्यातल्याच एका सुशिक्षित गृहिणीमार्फत बोलणं झालं. दाराची किरकोळ गैरसोय वगळता महिला समाधानी आहेत. गुण चार. शेवटी कंसात, दुभाषी बाई अत्यंत विश्वासार्ह.

एक शब्दही इकडचा तिकडे नव्हता. म्हाताऱ्याने जे ऐकलं तेच लिहिलं होतं.

“अगं, काय लिहिलंय?”

अधिकाऱ्याचं नाव घेणं अगदी सोपं होतं. मावशींनी ते आधीच मनाशी ठरवून टाकलं होतं, फक्त हो म्हणायचं होतं. वहिनींनी तोंड उघडलं. समोर मावशींचे हात होते. इस्त्रीचे डाग पडलेले, तापाने सुकलेले.

“इथे लिहिलंय, बायका समाधानी आहेत.”

“कुणी सांगितलं?”

वहिनींनी फाईल मिटून टेबलावर ठेवली.

“मी,” वहिनी म्हणाल्या.

शिंपीणबाईला आधी कळलंच नाही. “तुम्ही कशाला सांगाल वहिनी? आम्ही बोललो ते तुम्ही...”

“नाही सांगितलं. दाराची थोडी गैरसोय आहे म्हणाले. बाकी नाही सांगितलं. चार गुणही मीच दिले.” पुढचं त्या टेबलाकडे बघून बोलल्या. “एवढे पुरुष होते. मला लाज वाटली.”

तोफमावशी ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या. तसा आवाज वहिनींनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“आणि मला नव्हती वाटत? माझा जावई उभा होता तिथे भिंतीला. रक्त जातं म्हणून सांगितलं मी त्याच्या देखत. रात्रभर तोंड लपवून पडले होते. म्हटलं, एकदाच लाज सोडायची, पुढे पोरीबाळींना सोडावी लागणार नाही.” त्यांनी श्वास घेतला. “मी माझी लाज खर्च केली, सूनबाई. तू तुझी सांभाळून घरी नेलीस.”

शिंपीणबाईने आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली. वहिनींना ते दिसलं.

अधिकारी खाकरले. “असं आहे, की ज्यांनी माहिती दिली त्यांनीच दुरुस्ती सांगितली तर हरकत टिकेल. बाई, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो.”

कारकुनाचे शिक्के थांबले.

वहिनी बोलू लागल्या. “मावशींना तिकडे जायचा त्रास—”

“तिकडे कुठे?” मावशी म्हणाल्या. “देवळात?”

वहिनींनी डोळे मिटले. मग उघडले, कारण डोळे मिटून बोलणं हेही लपणंच होतं. “संडासाच्या दाराला कडी लागत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून बायका लघवी धरून ठेवतात. मावशींना जळजळ होते, लघवीतून रक्त गेलंय. या बाईंना पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही, त्या बहिणीकडे जातात. मीही जात नाही. अंधार पडेपर्यंत थांबते. मलाही जळजळ होते.”

हे शेवटचं सासूबाईंनासुद्धा माहीत नव्हतं. शिंपीणबाईने पहिल्यांदा मान वर केली.

अधिकाऱ्यांनी भराभर लिहिलं आणि कागद सहीला पुढे केला. वहिनींनी वाचला. ‘सदर सुविधेबाबत महिलांना आरोग्यविषयक काही गैरसोयींना सामोरे जावे लागते.’

अधिकाऱ्यांचे कान लाल झाले होते. पेनाचं टोपण ते उगाचच लावत होते, काढत होते. वहिनींना त्यांचा राग आला नाही. राग यायला त्यांना तोंड कुठे होतं? आपण त्या दिवशी कशा दिसत असू, ते मात्र समोर बसलेलं दिसलं, आणि त्या दिवशी जी वाटायला हवी होती ती लाज आत्ता, इतक्या उशिरा, वाटली.

“मी असं बोलले नाही,” त्या म्हणाल्या.

“अर्थ तोच आहे बाई. सरकारी भाषेत जरा...”

“अर्थ तोच नाही. मी बोलले तेच लिहा. मी परत सांगते.”

त्यांनी परत सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. लिहिण्यासाठी सांगायचं म्हणजे थांबून थांबून सांगावं लागतं. ‘रक्त’ म्हणून थांबल्या, अधिकाऱ्यांचं लिहून होईपर्यंत वाट पाहिली, मग पुढे गेल्या. बोलताना गळ्यापासून कपाळापर्यंत आग चढत होती. ती काही शेवटपर्यंत उतरली नाही. वहिनींनी सही केली.

“साक्षीदार लागेल,” अधिकारी म्हणाले.

“मी करते,” तोफमावशी पुढे झाल्या. “पण आधी वाचून दाखवा.”

वहिनींनी सवयीने कागदाकडे हात नेला.

“तू नको,” मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसतंच सांगणं होतं. “हे वाचतील.”

वहिनींनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. अधिकारी अडखळत वाचू लागले. मावशी प्रत्येक वाक्यावर शिंपीणबाईकडे बघून विचारत होत्या, “बरोबर आहे ना?” आणि शिंपीणबाई म्हणत होती, “हो, बरोबर आहे.” वहिनींना कुणी विचारलं नाही. विचारावं असं त्यांनाही वाटलं नाही. त्या शेवटच्या ओळीपर्यंत मान खाली न घालता बसून राहिल्या, आणि मावशींच्या सहीसाठी पेन पुढे करायचं ते त्यांनी शिंपीणबाईच्या हातात दिलं.