गडग्याचं कार्ड

दोन हजार सालच्या आसपास मी रत्नागिरीहून रोज एसटीने देवरूखला शिकवायला जायचो. शेजारी एक तिशीतला माणूस असायचा. मांडीवरच्या पिशवीवर पत्ते मांडून तो दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचा. पत्तेही घरचेच, लग्नपत्रिका कापून केलेले. पाठीवर सोनेरी गणपती तसाच.

मला जुगाराचा भारी राग. एकदा बोललोच, "बसमध्ये तरी पत्ते नकोत."

तो हसला. "तसले नव्हेत हो, काका. ह्यात राक्षस, जादूगार असतात. परदेशात ह्यातल्या पट्टीच्या खेळाडूंना बोलावून स्पर्धा घेतात. जिंकेल त्याच्या मनातलं कार्ड खेळाची कंपनी छापते, त्याच्या चेहऱ्यासकट."

"तुम्हाला बोलावलंय?"

"अजून नाय. पण कार्ड तयार हाय."

त्याने ते खिशातून काढलं. आपल्या बागांना कुंपण म्हणून असतो तसा जांभ्या दगडांचा गडगा त्यावर रेखला होता.

"हा कुणावर चालून जात नाय. पण ह्याच्यामागं असेल त्याला कोण हात लावू शकत नाय."

गडग्यामागे एक माणूस उभा होता. चेहऱ्याची जागा कोरी.

"चेहरा राहिला की," मी म्हणालो.

"ऱ्हायला नाय," कार्ड जपून खिशात ठेवत तो म्हणाला. "तो ते लोक छापतील. मी कशाला काढू?"