चहा न घेणारी माणसं

अख्ख्या भिवंडी तालुक्यात आमच्या साडूंइतका संशयी माणूस दुसरा नाही, असं मी म्हटलं तर तेच पहिले विचारतील, "सगळा तालुका फिरून आलास काय?" साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते कामतघरला एका बैठ्या चाळीत राहतात आणि मी काल्हेरला नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे रविवारी आमचं जाणं-येणं असतं. पण त्यांच्याकडे जायचं तर कारण तयार ठेवून जावं लागतं. 'सहज आलो' हे त्यांना चालत नाही. एकदा मी तसं बोलून गेलो, तर चहा झाला, पोहे झाले, दुसरा चहा आला, तरी ते आपले माझ्याकडे बघतच बसलेले. शेवटी बायका आत गेल्याचं पाहून हळूच म्हणाले, "बोल आता. कोनाची तब्येत बिघडलीय?" टूथपेस्टवर ब्रश फुकट मिळाला तर ते ब्रश दुकानातच ठेवून येतात. चांगला असता तर विकला नसता का, हा त्यांचा सवाल. मध्यंतरी छातीत दुखतं म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर हसत म्हणाले, काही नाही, नुसती ॲसिडिटी आहे. बाहेर आल्यावर साडू रिक्षात बसायला तयार होईनात. "तो हसला कशाला? ज्याला कायच न्हाय त्याच्याकडं बघून डॉक्टर हसल कशाला?" मग त्यांच्या समाधानासाठी आम्ही आणखी एका डॉक्टरकडे गेलो. तो हसला नाही, त्यामुळे तर त्यांची झोपच उडाली.

यात सगळा दोष त्यांचा नाही. जन्मभर त्यांनी पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून काम केलं. जॉबर म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. पण आमचे साडू बिघडलेल्या लूमपेक्षा चालणाऱ्या लूमपुढेच जास्त वेळ कान देऊन उभे असायचे. बिघडलेल्यानं आपलं दुखणं सांगून टाकलेलं असतं, खरा धोका गुपचूप चालणाऱ्याचा, असं त्यांचं म्हणणं. शेठ येऊन विचारायचा, "क्या हुआ?" हे म्हणायचे, "अभी तक कुछ नहीं हुआ, वही देख रहा हूँ." आणि बहुतेक वेळा संध्याकाळच्या आत तो लूम बंद पडायचा. त्या कानानं त्यांना कारखान्यात मान मिळवून दिला. घरात मात्र त्याचा उपद्रव झाला, कारण मिक्सर व्यवस्थित फिरायला लागला की ते येऊन त्याच्याशेजारी उभे राहायचे.

आयुष्यात एकाच गोष्टीवर त्यांनी कधी संशय घेतला नाही, आणि ती म्हणजे चाळीमागचा नाला. "त्याला लहानपनापासून बघतोय," म्हणायचे, "तो गरीब हाय." मग एका पावसाळ्यात नदी फुगली, नाल्याचं पाणी मागे फिरलं आणि भर दुपारी त्यांच्या खोलीत कमरेएवढं चढलं. सगळी चाळ शेजारच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसली. माणसं वाचली, पण पाणी उतरल्यावर घरात बघवेना. गाद्या, धान्य, टीव्ही, सगळं चिखलात. आणि कपाट आडवं पडून त्याखाली मेव्हणीची शिलाई मशीन चिरडलेली. साडूंनी कारखाना सोडल्यापासून ते घर त्या मशीनवर चालत होतं. मेव्हणी साड्यांना फॉल-पिको करते, आणि आसपासच्या पाच-सहा गल्ल्यांतल्या बायका दुसरीकडे जात नाहीत. साडूंनी ती मशीन रॉकेलमध्ये बुडवून, पुसून, पुन्हा जुळवून पाहिली. मशीनचं ओतीव लोखंडाचं अंगच तडकलं होतं, त्याला ते तरी काय करणार. मी दोघांना काल्हेरला चला म्हटलं, तर साडू म्हणाले, तुमच्या सोसायटीचं पाणी वापरलं म्हणून उद्या कोणीतरी बिल घेऊन येईल.

मग मुंबईची एक संस्था मदत घेऊन तिथल्या विहारात आली. त्यांची प्रमुख म्हणजे मोठ्या चष्म्याची, पंचविशीची एक मुलगी. प्रत्येक घराला एक चटई, एक ब्लँकेट आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात डाळ-तांदूळ-तेल. मेव्हणीनं ते घेतलं. मागून साडू चौकशीला पुढे झाले.

"कोनाकडून आलात?"

"संस्थेकडून, काका."

"ते झालं. मागं कोन हाय? आत्ता तर इलेक्शन पन न्हाय."

"मागे कोणी नाही. लोक देणगी देतात, आम्ही पोचवतो."

"ते लोक आमाला वळकतात?"

"नाही."

"वळकत न्हायत आनि देतात," साडू माझ्याकडे वळून म्हणाले, आणि त्या डब्याचा तळ उलटा करून बघायला लागले.

आता आपल्याकडे शेजारच्या घरून भांडं आलं तर ते रिकामं परत करत नाहीत. निदान चमचाभर साखर तरी घालून देतात. साडू या एका बाबतीत फार कडक. पुढच्या फेरीला संस्थेचा टेम्पो आला तेव्हा हे डबा घासून-पुसून, त्यात चाळीच्या शेवग्याच्या शेंगा मोडून भरून उभे. मुलगी म्हणाली, डबा तुमचाच आहे, परत नाही द्यायचा. आणि शेंगा घेता येणार नाहीत, कारण मदत घेणाऱ्यांकडून काहीही घ्यायचं नाही असा आमचा नियम आहे. चांगलाच नियम आहे, कोणीतरी पूरग्रस्तांची कोंबडी खाऊन आल्यावर केला असणार. साडूंना तो पटेना. बरं, चहा तरी घ्या म्हणाले. चहासुद्धा नाही. पाण्याच्या बाटल्यासुद्धा त्यांच्या त्यांनी आणलेल्या. टेम्पो गेल्यावर साडू ओट्यावर बसले. "शेठ लोक आमचा चहा घ्यायचे," म्हणाले. "पगार कापायला यायचे, पन चहा घ्यायचे. ही मानसं चहा घेत न्हायत म्हंजे यांच्या मनात काय असल?"

त्यानंतर आमच्या साडूंनी त्या संस्थेच्या गळ्यात काहीतरी बांधायचा चंगच बांधला. सुके बोंबील झाले, कारखान्यातून मागून आणलेली चादर झाली. एकदा ड्रायव्हर विहारात गेलेला असताना, टेम्पोचा दरवाजा खडखडतो म्हणून हे पाना घेऊन तो खोलून बसले. मुलीला वाटलं कोणी चोर आहे, तिनं आरडाओरडा केला, चाळ जमा झाली. साडूंचं म्हणणं, निदान तिला संशय आला हे बरं झालं, पोरगी अगदीच भोळी नाही. दरवाजा मात्र तेव्हापासून वाजला नाही, आणि साडूंनी तो हिशोब फिटल्यात धरायला नकार दिला, कारण न विचारता केलेलं काम हे दिलेलं होत नाही.

अशात एका सकाळी संस्थेनं मेव्हणीसाठी नवी शिलाई मशीन आणली. ज्या बायकांची कमाई पुरात गेली त्यांना कामाची साधनं द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. मेव्हणीचा चेहरा मी पाहिला. ती फार बोलणारी नाही, पण खोक्यावरून तिनं असा हात फिरवला की मला दुसरीकडे बघावं लागलं. साडूंनी खोका घरात घेतला, पाटावर ठेवला आणि जाहीर केलं की खोक्याची पट्टी कापायची नाही. पट्टी कापली की आपण घेतली असं होतं. आणि जोपर्यंत समोरचा आपलं काही घेत नाही, तोपर्यंत आपण मशीन घ्यायची नाही. मधल्या वेळात त्यांनी खोक्याच्या हात घालायच्या भोकातून टॉर्च मारून मशीन जेवढी दिसली तेवढी तपासली. एकही खोट सापडेना. म्हणून ते आणखीच धास्तावले.

इकडे गौरी-गणपती तोंडावर आलेले. बायका साड्या घेऊन यायच्या, खोका बघून परत जायच्या. नाक्यावरच्या दुकानात एक नवा पिकोवाला बसला होता, त्याच्याकडे गर्दी व्हायला लागली. मी साडूंना समजवायला गेलो. ते मला म्हणाले, "तू गप बस. तू लकी ड्रॉवाल्याला घरात घेऊन जेवायला घातलंस." हे खरं असल्यामुळे मी गप्प बसलो. पण मला त्यांचा राग आला होता. माणूस स्वतःच्या मानापायी बायकोचं काम घालवतो आहे, हे मला बघवत नव्हतं.

शेवटी ती मुलगी पाहणीला आली. मीही तिथेच होतो. पाटावर बंद खोका पाहून तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "काका, मशीन वापरात नसेल तर मला ती दुसऱ्या घरी द्यावी लागेल. बायका वाट बघतायत."

"घेऊन जा," साडू म्हणाले.

तेव्हा मेव्हणी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. मी तिला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तुमचा संशय इतकी वर्षं मी सांभाळला," ती साडूंना म्हणाली. "डॉक्टर सांभाळला, दूधवाला सांभाळला. आता तो माझ्या पोटावर आलाय. मला काम पायजे. त्या खोक्याकडं बघून मला घास गिळवत न्हाय." मग ती मुलीकडे वळली. "बाई, तुमी वस्तू घेत न्हाय ना? माणूस घेता का? यांना घेऊन जा. तुमच्याकडं सामान तपासायला कोनी लागत असल. यांच्याइतकं तपासनारा कुटं मिळायचा न्हाय. हेच आमचं देनं समजा."

मुलगी आधी हसली, मग विचारात पडली. काल्हेरच्या एका गोडाऊनच्या कोपऱ्यात त्यांचं सामान यायचं आणि ते लावायला, बघायला माणसं हवीच होती. स्वयंसेवक घ्यायला नियमाची काही आडकाठी नव्हती. "काका याल का?" तिनं विचारलं. साडूंनी तिच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. यात काही कट आहे का याचा अंदाज घेतला. मग शर्टाच्या खिशातून ब्लेड काढलं आणि पट्टी कापली. ब्लेड खिशात होतंच, हे मी पुढे कित्येक दिवस त्यांना ऐकवत होतो.

गोडाऊनमध्ये आमच्या साडूंचं खऱ्या अर्थानं सोनं झालं. संशय घ्यावा असा ढीगच्या ढीग माल, आणि अडवणारं कोणी नाही. मोठमोठ्या घरांतून आलेली गाठोडी ते सोडायचे आणि त्यातून जरीचे घागरे, एकेकटे बूट, बटणं नसलेले कोट वेगळे काढायचे. प्रत्येक टॉर्च पेटवून बघायचे, प्रत्येक बादलीत पाणी भरून ठेवायचे. ब्लँकेट अंगावर घेऊन भर उन्हात पत्र्याखाली बसायचे, आणि घाम आला तरच ते पास करायचे. संस्थेच्या पोरांना आधी वैताग आला, मग त्यांच्यावाचून करमेना. मुलगी मला म्हणाली, काका आल्यापासून तक्रारी बंद झाल्या. हे मी साडूंना सांगितलं तर म्हणाले, "बंद झाल्या? मंग काहीतरी गडबड हाय."

मग पुढच्या पावसाळ्यात तिकडे मराठवाड्यात नदीकाठची गावं पाण्याखाली गेली आणि संस्थेचा ट्रक निघाला. साडूही गेले. परत आले ते गोडाऊनवर ट्रकमधून उतरून थेट माझ्याकडे. मांडीवर ॲल्युमिनियमचा एक छोटा डबा. मी काही विचारायच्या आत सांगायला लागले.

"एक म्हातारी होती. घराची भिंत पडलेली, ताडपत्री लावून बसलेली. मी सामान ठेवलं. मना विचारते, कोनाकडून आलाव? मी म्हटलं, संस्थेकडून. तर म्हनते, मागं कोन हाय?" साडूंनी मांडीवरचा डबा सरळ केला. "आता काय सांगू तिला? मी म्हटलं, मागं माझी बायको हाय. तेव्हा हसली. चहा ठेवला. पोरं बाहेर उभी, नको आजी, नको आजी करत. ती माझ्याकडं बघत होती. कशी बघत होती, ते मना म्हाइत हाय. मी खाली बसलो आनि दोन्ही हातांनी कप घेतला."

चहा बिनदुधाचा होता आणि त्याला धुराचा वास होता. निघताना म्हातारीनं हा डबा हातात दिला, आत शेंगदाण्याची चटणी. नियम मोडला म्हणून मुलगी रागावली, रागवायलाच हवं होतं. साडूंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. चटणी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोटभर बोटभर वाटली आणि स्वतः सर्वांत शेवटी खाल्ली. ती त्यांनी हुंगूनसुद्धा पाहिली नाही. त्यानंतर डबा घासून त्यांनी फळीवर ठेवला.

तो डबा अजून तिथेच आहे. त्या गावातलं संस्थेचं काम संपलं, आता ट्रक तिकडे जात नाही. आणि जगातल्या प्रत्येक माणसाची उलटतपासणी घेणाऱ्या आमच्या साडूंनी त्या म्हातारीचं नावच विचारलं नव्हतं. ते त्यांना फार लागलं आहे. मेव्हणी दर महिन्याला त्या डब्यात काहीतरी भरते, कधी सुकटीची चटणी, कधी तांदळाच्या पिठाचे लाडू. शिळं व्हायला आलं की दोघं ते खातात आणि ती पुन्हा भरते. डबा कधी रिकामा ठेवत नाहीत, न जाणो अचानक कोणी निघालं तर.

गेल्या रविवारी मी कामतघरला गेलो. आत मशीन चालू होती, छान चालली होती, आणि साडू तिच्याशेजारी उभे नव्हते. ते बाहेर ओट्यावर बसले होते. माझ्याकडे खरंच काही कारण नव्हतं, म्हणून मी जरा बिचकतच म्हणालो, "दादा, सहज आलो."

त्यांनी मान डोलावली. सरकून मला जागा दिली. थोड्या वेळानं म्हणाले, "तिकडं जानारं कोनी भेटलं का रे?"