शिंक्यातला माइक

पालघरच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी कामाला होतो. तारापूरकडे तेव्हा मोठं बांधकाम सुरू होतं, आणि तिथले साहेबलोक आपले बिघडलेले रेडिओ, टेपरेकॉर्डर आमच्याकडे पाठवत. दोन वर्षांत मी अर्ध्या हळकुंडानं चांगलाच पिवळा झालो होतो. कुणाचाही आवाज कुठूनही पकडून दाखवीन, असं मला मनापासून वाटायचं.

त्याच सुमारास थोरल्या भावाला क्षय झाला. महिनोन्‌महिने इंजेक्शनं चालली. फुप्फुसं वाचली, पण त्या औषधानं कान जायला लागले. आधी बारीक आवाज गेले, सायकलच्या घंटीचे, कोंबडीच्या पिल्लांचे. बाकीचंही जाईल, फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादा समुद्रावर वाढलेला, रडारड करणारा नव्हे. पण एका सकाळी ओट्यावर जाळं शिवता शिवता माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हिचं गानं एकदा नीट ऐकायचं हाय रे. पुरं कान जायच्या आदी."

वहिनी हळदीच्या गाण्यांसाठी आमच्या गावात, आख्ख्या चिंचणीत नावाजलेली. लग्न कुणाचंही असो, हळदीला आधी तिला बोलावणं. घरात मात्र आईनं घालून दिलेली रीत होती: नवऱ्यासमोर, दिरासमोर बाईनं गायचं नाही. गायचंच झालं तर चुलीपुढं, भिंतीकडे तोंड करून. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी दादानं बायकोचं गाणं ओट्यावरूनच ऐकलेलं. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. मला पुढं वाढवलं ते वहिनीनंच. आई गेली, रीत काही गेली नव्हती.

मी मालकाच्या विनवण्या करून शनिवारी दुकानातला टेपरेकॉर्डर मागून घेतला. सोमवारी सकाळी परत द्यायचा होता. बोईसरपर्यंत गाडीनं आणि पुढं एसटीनं तो मांडीवर धरून आणला. सोबत दोन माइक होते. एक मंडपातला, लोखंडी जाळीचा, वजनदार. तोंड अगदी जवळ नेलं तरच तो ऐकायचा, त्यामुळं आजूबाजूची खुडबुड कमी यायची. दुसरा मुठीत मावणारा, पण चहूकडचं सगळंच ऐकणारा. मी अर्थातच मोठा निवडला. दिसायलाही तोच भारी होता.

वहिनीनं त्याच्याकडे एकदा बघितलं. "ह्याच्यात तोंड घालून गाऊ? मी नाय."

मग लहान माइक घेतला आणि स्टुलावर तिच्यासमोर ठेवला. ती वळून बसली. मी स्टूल तिकडं नेलं, ती पुन्हा वळली. भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून बघितला, तर तिचा आवाज हंड्यात तोंड घालून गायल्यासारखा घुमला. फळीवर ठेवला, तर बाहेरचे कावळेच जास्त आले. तास दीड तास हेच चाललं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "दादासाठी एवढं सुद्धा जमत नाही तुला? तोंड इकडं करायला काय जातं?"

बोललो आणि तेव्हाच मला माझी लाज वाटली. वहिनी रागावली नाही. तिनं चूल सारखी केली. "रीत तुज्या आयनं घातली, माज्या नाय," एवढंच म्हणाली. मग उठून शिंक्यातलं दह्याचं मडकं खाली काढलं. "ह्याच्यात टांग तुजं यंतर. माज्या तोंडासमोर येल."

मी सगळं शिकलो होतो, हे मला सुचलं नव्हतं. शिंकं आढ्याला टांगलेलं, म्हणजे जमिनीची दणदण त्यात उतरत नव्हती. दोरी आखडून माइक तिच्या कपाळाच्या किंचित वर, हातभर लांब आणला. भिंतीवर दादाची वाळलेली सुती जाळी टांगली, तसं घुमणं गेलं. घरभर मासळीचा वास सुटला, पण आवाज असा स्वच्छ आला की मी कानाला लावलेला हेडफोन काढेना. चार गाणी झाली. माझी छाती फुगली होती.

रविवारी दुपारी दादाला मशीनपुढं बसवलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. मी आवाज पूर्ण वाढवला. दादा डोळे मिटून मान डोलवायला लागला. "झ्याक," म्हणाला. "लय झ्याक." मला तर आभाळ ठेंगणं झालं.

चौथं गाणं संपलं. फीत सुटून फडफडायला लागली. दादा मान डोलवतच होता.

मी मशीन बंद केलं तरी त्याची मान थांबली नाही. आमचं मन राखायला तो पहिल्यापासून तसाच बसला असणार. त्याला काही ऐकू येत नव्हतं. आम्ही उशीर केला होता.

वहिनी दारातून पुढं आली. दिराच्या देखत आली, दादासमोर मांडी घालून बसली आणि तोंडावरचा पदर खाली केला. दादानं डोळे उघडले. तिनं त्याचा पंजा उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि त्याच्या डोळ्यांत बघून गायला लागली. त्याचे ओठ तिच्या ओठांबरोबर हळूहळू हलायला लागले.

मी मागच्या दारी जाऊन ढसाढसा रडलो. मशीन सुरू करावं, हे मला सुचलंच नाही.

ती फीत मी मालकाकडून मागून घेतली, अजून माझ्याकडे आहे. त्यातला आवाज सुरेख आहे, एवढा चांगला मी पुन्हा कधी पकडला नाही. पण त्यात वहिनी भिंतीसाठी गायली आहे. दादासाठी ती त्या दुपारपासून रोज गायची, आणि त्यातलं एकही गाणं कुठल्याच फितीवर नाही.