सासूबाईंच्या नावावरचा नकार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी कसं सांगू—पण सांगते.

माझी गौरी तेव्हा पाच वर्षांची. तिच्या कवटीची हाडं वेळेआधीच जुळली होती. रोज सकाळी डोकं धरून रडायची. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, "आत दाब किती वाढलाय ते मोजावं लागेल. कवटीला बारीक छिद्र पाडून तार सोडायची, दोन दिवस आकडे बघायचे. मग ऑपरेशनचं ठरवू."

छिद्र—माझ्या पोरीच्या डोक्याला? पुढचं मला ऐकूच आलं नाही. नवरा सुरतेला, ट्रकवर. सही मलाच करायची होती. मी म्हणाले, "सासूबाईंना विचारून येते." बाहेर आले, मोबाईल नुसताच कानाला लावला—नंबर न दाबता. आत जाऊन सांगितलं, "त्या नको म्हणतात." नवऱ्यालाही तेच कळवलं. मी डी.एड. झालेली, घाबरले असं कसं म्हणू? सास्तूरसारख्या खेड्यातली अडाणी म्हातारी नको म्हणाली, हे कुणालाही पटतं. घरी सासूबाईंना मात्र सांगितलं—डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, थांबा म्हणालेत.

दोन महिने मी रोज गौरीपुढं बोटं धरायची. किती? ती बरोबर सांगायची, तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडायचा. मग एका सकाळी पाण्याचा पेला घ्यायला तिनं हात पुढं केला—तो पेल्याच्या बाजूलाच गेला.

या वेळी मी सही केली. दाब फार निघाला. ऑपरेशन झालं, पोर वाचली. डाव्या डोळ्याची नजर काही परत आली नाही. "तेव्हाच मोजलं असतं तर—" डॉक्टर एवढंच बोलले.

नवरा घरी आला तो आईपुढंच उभा राहिला. "आई, तू नको कशाला म्हणालीस?"

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "म्या कवा न्हाय म्हणलं गं?"

तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? मी म्हणाले, "फोनवर म्हणालात. विसरला असाल."

त्या भांडल्या नाहीत. चार दिवस आठवत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणलं असंल बाई. डोकं चालत न्हाय आता."

आता आल्यागेल्याला त्याच सांगतात—माझ्यामुळं पोरीचा डोळा गेला. परवा गौरीला जवळ घेऊन म्हणाल्या, "आजीला माफ कर गं." गौरी "बरं" म्हणाली आणि खेळायला पळाली.

मी तिथंच होते, पीठ मळत. मळत राहिले.