चंपा मेली कोणत्या नियमानं

आमच्या सुनीताचं लग्न एकदा मोडता मोडता राहिलं, कारण लग्नाआधीच ती खड्ड्यात पडून मेली.

(सध्या ती पंडरीला सासरी असते, तब्येत उत्तम आहे, आणि हे वाक्य वाचून तिचा पहिला फोन मलाच येणार आहे.)

आधी खेळाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचा सगळा संताप तुम्हाला वेडेपणा वाटेल. (सांगितल्यावरही वाटेल, पण निदान कशाबद्दलचा ते कळेल.) टेबलाभोवती तीन-चार माणसं बसतात. एकजण गोष्ट सांगतो: समोर गुहा आहे, आत अंधार आहे, कोणीतरी घोरतंय. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं असतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. आपलं पात्र काय करणार ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांवर ठरतं. या सगळ्याच्या नियमांचं एक जाडजूड पुस्तक असतं. मी हा खेळ नागपूरला हॉस्टेलात शिकलो आणि रायपूरला परतताना त्या पुस्तकाची झेरॉक्स घेऊन आलो. तिच्यातली काही पानं गळाली होती. ते नियम मी मनानेच भरले. त्यामुळे त्या पुस्तकाबद्दल माझ्या मनात ते लिहिणाऱ्याइतकाच अभिमान होता.

त्या दिवसांत रायपुरात सगळंच नवं होत होतं. राज्य नवं, राजधानी नवी, आणि त्या राजधानीसाठी माळरानावर आणखी एक नवं शहर. माझं ऑफिस उचलून तिकडे नेलं होतं. रोज सकाळी ब्राह्मणपारा या आमच्या मोहल्ल्यातून निघायचं, बसमध्ये डुलक्या घ्यायच्या, आणि उतरल्यावर नव्या साहेबाकडून नवी पद्धत ऐकायची. आठवडाभराचा राग साठायचा. तो मी रविवारी दुपारी आमच्या बैठकीत जुन्या नियमांसोबत बसून जिरवायचो. खेळाडू दोनच होते, माझी धाकटी बहीण सुनीता आणि ऑफिसातला एक मित्र. गोष्ट सांगणारा अर्थात मी. तिथे तरी काही बदललेलं नव्हतं.

मग सुनीताचं लग्न रायपुरातल्याच पंडरी भागातल्या निखिलशी ठरलं. मुलगा इंजिनियर, घर आपल्याच विदर्भाकडचं. मराठी त्याला सगळी समजायची, बोलायचा मात्र हिंदीतच. साखरपुड्याच्या दिवशी कळलं की तो हाच खेळ खेळतो. मला इतका आनंद झाला की मी त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि पुढच्या रविवारी खेळायला आणि जेवायला बोलावलं. माझा मित्र त्या रविवारी अभनपूरला सासुरवाडीला जाणार होता, तेव्हा जागाही रिकामी होती.

होणारा जावई पहिल्यांदा जेवायला येणार म्हणून आई पहाटेपासून स्वयंपाकघरात. वडाभात, सांबारवडी, पुरणपोळी. निखिल वेळेवर आला, पण काखेत पुस्तक मारून. चकचकीत, रंगीत, जाड पुठ्ठ्याचं. त्याच खेळाची नवी आवृत्ती! घरात दुसरं कुत्रं आणल्यावर जुन्या कुत्र्याला जे वाटतं ते मला वाटलं.

"भैया, आपकी वाली में कवच का नंबर जितना कम, उतना अच्छा?" माझी झेरॉक्स चाळत त्यानं विचारलं.

"हो."

"उल्टा नहीं है ये?"

"शाळेत पयला नंबर चांगला का विसावा?"

"वो तो ठीक है. पर नई में सीधा कर दिया है. ज़्यादा मतलब ज़्यादा."

"ज्याले वजाबाकी येत नाही त्याच्यासाठी केलं असंल," मी म्हणालो.

निखिल इंजिनियर. त्याला वजाबाकी येत होती. त्याचे कान लाल झाले.

तरी खेळ सुरू झाला. निखिल जादूगार झाला. नव्या आवृत्तीत जादूगाराला छोटे मंत्र दिवसभर कितीही टाकता येतात, नळ सोडल्यासारखे. आमचा जुना जादूगार सकाळी एक मंत्र टाकला की तो विसरून जायचा आणि संध्याकाळपर्यंत काठी टेकत सगळ्यांच्या मागून चालायचा. पेन्शनरासारखी शिस्त होती त्यात! निखिलचा एकमेव मंत्र गुहेच्या दाराशीच संपला.

"अब मैं क्या करूँ?"

"कंदील धर."

त्यानं कंदील धरला. चेहरा असा, की सासरी आल्या आल्या कोणी भांडी घासायला बसवलंय.

आणि मग तो खड्डा आला. सुनीताचं पात्र म्हणजे चंपा नावाची चोर. कॉलेजात असल्यापासून ती चंपाच खेळत होती, आणि चंपावर तिचा जीव होता. चंपानं अंधारात पाऊल टाकलं, फासा वाईट पडला, पायाखालची फळी सरकली आणि चंपा थेट तळाशी. अंगातला प्राण शून्य.

"मेली," मी म्हणालो.

"नहीं भैया, बेहोश हुई," निखिल म्हणाला. "नई वाली में शून्य पे सिर्फ बेहोश होते हैं. फिर पाँसे फेंकने मिलते हैं. बच गए तो बच गए."

"जुन्यात मेली."

"दादा, फेकू दे ना एकदा फासा," सुनीता म्हणाली. "काहून इतका अडून राहिला?"

"मेलेल्या माणसाले फासे फेकता येत नाही."

सुनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी तत्त्वावर होतो, आणि तत्त्वावर चढलेल्या माणसाला खालचं काही दिसत नाही.

बाबा कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म गेलेला. त्यांनी पेपर खाली केला.

"आमच्याकडे नवं नियमाचं पुस्तक आलं की जुनं जमा करा लागे," ते म्हणाले. "जुन्यावर गाडी चालवली की सस्पेंड."

"ही रेल्वे नाही बाबा."

"रेल्वे असती तर तू आत्ता सस्पेंड असता."

निखिल हसला. अगदी बारीक हसला, पण हसला. झालं! ऑफिसची बस, नवा साहेब, नवी पद्धत, सीधा केलेला कवच का नंबर, सगळं एकदम माझ्या डोक्यात गेलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आमच्या घरात जुनंच चालते. ज्याले नवं पाहिजे त्यानं आपल्या घरी जावं."

नेमकी त्याच वेळी आई वडाभाताचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

निखिलनं पुस्तक मिटलं. आईला वाकून नमस्कार केला, जोडे घातले आणि गाडीला किक मारून निघून गेला. उपाशी.

यानंतर आमच्या घराची अवस्था अशी: सुनीता मागच्या खोलीत दार लावून बसलेली, आई बैठकीत जमिनीवर बसून रडत असलेली, बाबा कपाळाला हात लावून. आणि मी त्या सगळ्यांवर चिडून खुर्चीत.

तिकडे पंडरीला काय झालं ते आम्हाला मागाहून कळलं. निखिलच्या आईनं, म्हणजे शोभाकाकूंनी, दारातच विचारलं, "काहून रे, इतक्यात आला? जेवला का?" निखिल रागानं फणफणलेला. तो म्हणाला, "सुनीता मर गई उधर. भैया ने मार दी. मुझे कोई बात नहीं करनी." आणि न्हाणीघरात जाऊन त्यानं नळ सोडला. दारावर किती धक्के बसले ते त्याला ऐकूच आलं नाही. शोभाकाकू होत्या त्या साडीत ऑटोत बसल्या.

आमच्या गल्लीत ऑटो शिरत नाही, कोपऱ्यावर थांबतो. कोपऱ्यावर दुबेजी उभे होते. दुबेजी म्हणजे आमच्या पाऱ्यातला परोपकारी माणूस. कोणाच्याही घरी काही वाईट झालं की सगळ्यात आधी पोहोचणार. रडणाऱ्या शोभाकाकूंना त्यांनी पायरीवर बसवलं, पाणी मागवलं, आणि स्वतः डोक्याला गमछा गुंडाळून आमच्याकडे आले. दारातून त्यांना दिसलं ते असं: आई रडतेय, बाबा कपाळाला हात लावून, घरात सन्नाटा. शंकेला जागाच नव्हती.

ते हळूच माझ्याजवळ आले.

"कैसे हुआ, मिलिंद?"

मला वाटलं भांडणाचा आवाज गल्लीत गेला. मी आधीच चिडलेलो.

"कैसे मतलब? गड्ढे में गिरी."

"राम राम. रास्ते में?"

"गुफा में. मैंने दस बार बोला था, रस्सी लेके चल. सुनती है किसी की?"

दुबेजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुरंत गई?"

"तुरंत. शून्य मतलब शून्य."

"बचाने का कोई उपाय नहीं था, बेटा?"

"था ना. निखिल तो बचा रहा था. मैंने बचाने नहीं दिया."

दुबेजींचा हात माझ्या खांद्यावरून निघाला. ते दोन पावलं मागे सरकले आणि बाबांकडे पाहू लागले. बाबा नुसतंच म्हणाले, "मी समजावलं होतं याले. ऐकत नाही कोणाचं."

मी म्हणालो, "दुबेजी, नियम तो नियम है. घर की लड़की है करके छोड़ दूँ क्या?"

एव्हाना दाराबाहेर गल्लीतली माणसं जमली होती. मधून वाट काढत शोभाकाकू आल्या, त्यांच्या मागे ऑटोवाला. तोही डोळे पुसत होता. शोभाकाकूंना पाहून आईला वाटलं, विहीणबाई लग्न मोडायला आल्या. ती आणखी मोठ्यानं रडली. आईला रडताना पाहून शोभाकाकूंनी तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. दोघी एकमेकींना धरून रडत होत्या, दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी, आणि दोघींना एकमेकींचं फार बरं वाटत होतं.

त्या आवाजानं मागच्या खोलीचं दार उघडलं आणि सुनीता बाहेर आली. डोळे सुजलेले, केस सुटलेले.

"काय झालं?" तिनं विचारलं.

शोभाकाकू मटकन खाली बसल्या. ऑटोवाला दारातून दिसेनासा झाला. दुबेजींनी डोक्यावरचा गमछा काढला, सुनीताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मज़ाक है क्या? मैं अर्थी के बाँस के लिए बोल के आ गया."

शोभाकाकूंना पाणी दिलं, वारा घातला. त्या सावरल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

"मेली कोण?"

"चंपा."

"चंपा कोण?"

"चोर होती, काकू. खेळातली."

"म्हंजे नाहीच ती कोठी."

"नाही."

"अन् जी नाहीच, तिच्यापायी माहा पोरगा उपाशी गेला?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं. जुन्या आवृत्तीत मरणाचं गांभीर्य कसं जास्त आहे, यावर मी तासभर बोलू शकलो असतो. मी तोंड उघडलंही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

शोभाकाकू उठल्या. आईला म्हणाल्या, "ताई, तुमच्यावर राग नाही. पण ज्या घरी जवायाले जा म्हणते, तेथली पोरगी आणाची का नाही, याचा मले विचार करा लागंल."

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. आईनं माझ्याशी बोलणं सोडलं. सुनीता बोलायची, पण त्यापेक्षा न बोललेली बरी. पुढच्या रविवारी आईनं पुरणपोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि बाबा म्हणाले, "पंडरीले जा. पायावर डोकं ठेव. ठेवाचं नसंल तर वापस येऊ नको."

वाटभर मी चिडलेलोच होतो. माफी मागताना कोणते शब्द वापरायचे नाहीत याचीच मी तयारी केली होती. निखिलनं दार उघडलं. तोही चिडलेला. डबा घेतला, आणि "आइए" असं म्हणाला की चोरालाही कोणी इतकं कोरडं म्हणणार नाही.

शोभाकाकूंनी आम्हा दोघांना दिवाणावर शेजारी शेजारी बसवलं. मी सुरुवात केली, "काकू, त्या दिवशी माझं चुकलंच, पण नियमानं पाहिलं तर..."

"नियम राहू दे," त्या म्हणाल्या. "मले तो खेळ शिकवा."

"माँ, आप?" निखिल म्हणाला.

"ज्याच्यापायी मी भर रस्त्यानं ऑटोत रडत गेली, तो मले समजला पायजे. घरात ते भांडण येणार असंल तर मले पयलेच कळू द्या."

आम्ही शिकवायला बसलो. काकूंना योद्धा कर, मी म्हणालो. नहीं, जादूगर आसान है, निखिल म्हणाला. प्राण किती? मी जुना आकडा सांगितला, त्यानं नवा. कवच? मी उतरता, त्यानं चढता. काकू एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होत्या. पाऊण तास झाला तरी आम्ही गुहेच्या दारात पोहोचलो नव्हतो, आणि दोघंही दिवाणावर उभे राहून बोलत होतो.

"बसा," काकू म्हणाल्या. आम्ही बसलो. "तो कोण आहे म्हणे गुहेत, घोरून राहिला?"

"राक्षस," मी म्हणालो.

"त्याले म्हणा, ऊठ, जेवून घे."

"काकू, असं कोणत्याच आवृत्तीत नाही."

"नई में भी नहीं है, माँ," निखिल म्हणाला. त्या सगळ्या प्रकरणात आम्ही पहिल्यांदाच एका बाजूला होतो.

काकूंनी फासे उचलले. "पोरगी तुमची, घर माह्यं. लग्न कराचं का नाही?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राक्षस उठला आणि जेवला.

लग्न झालं, व्यवस्थित झालं. दुबेजींनी वाढायला मदत केली, फक्त माझ्या पानाजवळ थांबले नाहीत. आता दर रविवारी खेळ पंडरीला असतो. गोष्ट मी सांगतो, पुस्तक निखिलचं असतं, आणि ते कोणीच उघडत नाही, कारण काकू फासे टाकतात आणि पडलेला आकडा आवडला नाही तर बोटानं फासा उलटवतात. जुन्या नियमांसाठी सख्ख्या बहिणीला खड्ड्यात मरू देणारा मी, तेव्हा झटकन पुढे वाकतो आणि म्हणतो, "सहा पडले काकू. मी पाहिले."