पायाखालचं इंजिन

"खाली बस! सुकदेव, खाली बस!" मी काठावरून ओरडलो.

नाव डाव्या अंगावर इतकी कलली होती की तापीचं पाणी कडेवरून आत येत होतं. सुकदेव आणि त्याचा भाऊ जाळं ओढत होते. त्यांनी जाळं सोडलं, दोघे तळाशी बसले, तेव्हा कुठे नाव सरळ झाली.

मी नंदुरबारला जिनिंग फॅक्टरीत फिटर होतो. दुसरं महायुद्ध संपून रॉकेल पुन्हा मिळू लागलं होतं. तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या सुकदेव भोयाने एक जुनं लहान इंजिन पैदा केलं आणि नावेत बसवायला मला बोलावलं. मासे सापडायचे खालच्या अंगाला, लांबच्या डोहात. प्रवाहाविरुद्ध वल्ही मारत घाटावर येईतो ते नरम पडायचे आणि बाजारात कोणी हात लावायचं नाही. घर त्या माशांवरच चालत होतं.

इंजिन तळात बसवायचं, हे मी सांगून ठेवलं होतं. पण दसऱ्याला सुकदेवने त्याची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ, सगळं साग्रसंगीत. मग माझी वाट न बघता नावेत कमरेइतका उंच ओटा ठोकला आणि इंजिन त्यावर चढवलं. नाव ढकलणारा पाण्यातला पंखा मी अजून जोडायचा होता, तोवर वल्ह्यांवरच जाळं टाकायला निघाला. पुढचं वर सांगितलंच.

"मिस्तरी, आते हाऊ देव शे. देवले पायखाले ठेवतस का?" काठावर आल्यावर सुकदेव म्हणाला. पूजा झाल्यापासून इंजिन त्याच्या लेखी देव होतं.

मी समजावलं. वजन तळात असलं की कललेली नाव परत सरळ होते. तेच वजन उंचावर असलं की ते कललेल्या बाजूलाच जातं आणि नाव आणखी पाडतं. "डोक्यावर भरलेला हंडा घेऊन माणूस जरा झुकला, तर काय होईल?" मी विचारलं. तेवढ्यात सुकदेवची बायको डोक्यावर दोन हंडे, कमरेवर एक, अशी घाटाच्या पायऱ्या चढून गेली. थेंब सांडला नाही. सगळे हसले. माझं शास्त्र तिथंच आडवं झालं.

मग माझं डोकं फिरलं. "तर मग पंखा मी जोडत नाही. तुम्हा भावांच्या मरणाला माझा पाना लागणार नाही," म्हणून मी हत्यारं पोत्यात भरू लागलो.

सुकदेवचं तोंड एवढंसं झालं. "मंग मी काय करू? देव कोपी गया ते नदी माले मासा देई का?"

त्याची आई काठावर फाटकं जाळं सांधत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं,

"सुक्या, महादेव कोठे शे रे?"

"देऊळमा."

"देऊळमा कोठे?"

सुकदेवने देवळाकडे पाहिलं. त्या देवळाचा गाभारा खोल आहे.

"खाले शे ना? आपन पायऱ्या उतरीसन त्यानाकडे जातस. मंग तो पायखाले शे का?"

दुपारपर्यंत ओटा निघाला. इंजिन तळातल्या जाड लाकडांवर पक्कं केलं. भोवती गुडघाभर फळ्या ठोकल्या. सुकदेवच्या दृष्टीने तो गाभारा. माझ्या दृष्टीने जाळं इंजिनाच्या फिरत्या चाकात जाऊ नये म्हणून कठडा. कोणाचंच नुकसान नव्हतं. इंजिन मागे असल्याने नावेचं नाक वर उचललं गेलं, तेव्हा माशांच्या पाट्यांची जागा पुढे केली. नाक बसलं.

मग कमरेइतक्या पाण्यात परीक्षा घेतली. दोघे भाऊ एकाच कडेला उभे राहून ओलं जाळं ओढू लागले. नाव कलली. ती एका जागी थांबली आणि सावकाश परत आली. मी फॅक्टरीतला शहाणासुरता माणूस, पण आनंदाने शिट्टी मारली. मग पंखा जोडून दिला.

पुढच्या बाजाराला सुकदेवच्या पाटीत मासे तडफडत होते. एक मोठा मासा पळसाच्या पानांत बांधून त्याच्या आईने माझ्यासाठी ठेवला होता.

त्यानंतर मी विहिरींवर, पिठाच्या गिरणीत, बरीच इंजिनं बसवली. नियम एकच ठेवला: आधी जागा पक्की, मग नारळ. बोल्ट पान्याने निघतो. एकदा बसलेला देव हलवायचा, तर सुकदेवची आई लागते, आणि ती प्रत्येक गावात भेटेलच असं नाही.