कुत्र्यानं दाखवलेला माणूस

मास्तरांना राग आला की ते आधी चष्मा काढायचे. त्याची घडी घालून मशीनच्या खणात ठेवायचे, खण बंद करायचे आणि मग उभं राहून बोलायला लागायचे. चष्मा खणात गेला की समोरचं गिऱ्हाईक आपसूक मागे सरकायचं. आमच्याकडे शाळेतल्याला गुरुजी म्हणतात आणि कपडे शिवणाऱ्याला मास्तर. सानगडी आणि अड्याळ या दोन बाजारगावांच्या मधलं आमचं गाव. चौकात त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं सायकल दुरुस्तीचं. मधे नुसता बांबूचा तट्टा. त्यामुळे त्यांचा प्रत्येक राग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला आहे.

सुरुवातीचे राग साधे होते. कोणी पोळ्याच्या आदल्या दिवशी कापड घेऊन आला की चष्मा खणात. कोणी पोराचा सदरा वाढत्या अंगाचा म्हणून गुडघ्यापर्यंत शिवायला सांगितला की खणात. एकदा गावातला एक मोठा शेतकरी स्वतःच्या कोटाचं माप देऊन म्हणाला, "उरलेल्यात बायकोचं पोलकं काढा." मास्तर उठले. "तुले कोट अन् तिले उरलेलं? दोन हात तिलेबी आहेत ना गा? धान कोण लावते तुया बांधीत, तू का ती?" तो माणूस कोट शिवून न घेताच गेला. गिरजाकाकू, म्हणजे मास्तरांची बायको, आतून काज-बटण करता करता म्हणाली, "गेलं अजून एक." पण ती हसत होती.

गिऱ्हाइकाच्या शिलाईखेरीज मास्तर बंड्या शिवायचे. शेतकरी घालतात त्या, बिनबाह्यांच्या, दोन खिशांच्या. मापबीप काही नाही, लहान, मधली आणि मोठी. त्यांचं गाठोडं घेऊन ते सानगडीच्या आणि अड्याळच्या बाजारात बसायचे. भोवतालच्या कितीतरी गावांतल्या माणसांच्या अंगावर मास्तरांची बंडी असायची. ही गोष्ट आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. पोलिसांना माहीत नव्हती, असं मी म्हणणार नाही. त्यांनी ती माहीत करून घेतली नाही.

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. गावातल्या धानाच्या व्यापाऱ्याचं घर फुटलं. घरची माणसं लग्नाला गेली होती, परत आली तर दागिन्यांची पेटी गायब. मागच्या कुंपणाच्या काट्यांना एक बंडी अडकलेली होती, कोरी, एकदाही न धुतलेली. त्या वर्षी श्वानपथकाचं फार कौतुक होतं. पेपरात कुत्र्यांचे फोटो यायचे, आता शास्त्र आलं, आता गुन्हेगार सुटणार नाही, असे लेख यायचे. शहरातून जीप आली, जीपमधून कुत्रा उतरला. उंच, काळाभोर पाठीचा, देखणा. बाया, माणसं, पोरं, सारं गाव मागे. कुत्र्यानं बंडी हुंगली, कुंपण ओलांडलं, गल्लीतून सरळ चौकात आला आणि मास्तरांच्या मशीनसमोर बसला.

मी तट्ट्याच्या अलीकडे हातात पाना घेऊन उभा होतो. ठाण्याच्या साहेबांनी बंडी मास्तरांच्या तोंडासमोर धरली. "ही कोणाची?"

मास्तरांनी शिवण पाहिली. "माझीच आहे जी," ते म्हणाले.

झालं. हीच कबुली. "मी शिवलेली आहे" हे पुढचं वाक्य साहेबांनी ऐकलंच नाही. कुत्र्याची साखळी धरलेला शिपाई मात्र शहाणा निघाला. तो हळूच म्हणाला, "साहेब, कोऱ्या कपड्याला शिवणाऱ्याचाही वास असतो." माझ्या कानांनी ऐकलं आहे. साहेब म्हणाले, "तू कुत्रा सांभाळ." आणि दंडाला धरून मास्तरांना जीपमध्ये घातलं. सगळ्या गावासमोर. पायात चपला घालू दिल्या नाहीत.

ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतात, हां, ते ठाणं वाईटच होतं; आणि बाकीची सगळी ठाणी सुटतात. मी आणि गिरजाकाकू तिथे गेलो. शिपायानं वासाचं सांगितलं होतं ते मी साहेबांना सांगितलं. बंड्या बाजारात कोणालाही मिळतात, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, "तू कोण? वकील?" म्हटलं, सायकलचं दुकान आहे. "मग हवा भर जा. फार बोललास तर तुझ्यातली काढू." गिरजाकाकू ओट्यावर बसून राहिली. आतून आवाज येत होते. तिनं लुगड्याचा पदर कानात कोंबला, पण उठली नाही.

मास्तर सुटून आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं वळत नव्हती. चोर हाती लागत नाही म्हणून शिंप्याचा हात मोडला. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझ्या मानेची शीर ताठ होते. पेटी सापडली नव्हती, पुरावा नव्हता. होता तो कुत्रा. आणि कुत्र्याला तर आपण काय सांगितलं तेही माहीत नव्हतं. पेपरात मात्र छापून आलं होतं, श्वानपथकाची चमकदार कामगिरी, आरोपीची कबुली. कुत्र्याचा फोटोही होता.

हल्ली पेपरात कॅमेऱ्यांच्या बातम्या असतात. गर्दीतला चेहरा मशीन ओळखतं म्हणे, फोनवरून माणूस कुठे होता ते कळतं म्हणे. माझा नातू कौतुकानं वाचून दाखवतो. असेल, मशीन चांगलंच असेल. कुत्राही चांगलाच होता. मी नातवाला एवढंच विचारतो, मशीननं दाखवल्यावर त्या माणसाला जाऊन कोणी काही विचारतं का? का नुसतं दंडाला धरतात? तो म्हणतो, आजोबा, तुम्ही उगाच चिडता. मी उगाच चिडत नाही.

कोर्टात खटला उभा राहिला नाही. पुढे दुसऱ्या जिल्ह्यात एका भामट्याला त्याच दागिन्यांसकट धरलं. बंडी अड्याळच्या बाजारात घेतली होती, असं तो सरळ बोलला. दागिने व्यापाऱ्याच्या घरी परत आले. ही बातमी कोणत्याच पेपरात आली नाही. मास्तरांना कोणी सांगायलाही आलं नाही. व्यापाऱ्याच्या गड्याकडून आम्हाला कळलं.

दरम्यान गावानं आपलं काम केलं होतं. मास्तर चौकातून निघाले की मागून भुंकण्याचा आवाज यायचा. त्यात सगळ्यात पुढे समोरचा पानठेलेवाला, गोमाजी. ठेल्यावर चार लोक असले की हमखास भुंकायचा आणि लोक खदखदून हसायचे. गिऱ्हाईक तुटलं. कात्री धरता येत नव्हती, म्हणून कापड कापायला गिरजाकाकू शिकली. मास्तर डाव्या हातानं कापड सरकवत कशीबशी शिलाई मारायचे. रोवणीच्या दिवसांत काकू दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये मजुरीनं धान लावत चिखलात उभी राहायची.

मास्तरांची मागणी एकच होती. ती त्यांनी ठाण्यात सांगितली, तहसीलदाराला सांगितली, दौऱ्यावर आलेल्या मंत्र्यालाही सांगितली. "जेवढ्या लोकाईसमोर मले नेलं, तेवढ्याच लोकाईसमोर सांगा, 'आमचं चुकलं'. त्याच चौकात. मले दुसरं काहीच नाही पायजे." साहेब बदलून जायचे, नवीन यायचे, आणि दर नवीन साहेबापुढे मास्तर जाऊन उभे राहायचे. एकानं चहा पाजला. एक म्हणाला, जुनं कशाला उकरता. तिसऱ्यानं तोडगा काढला, ठाण्याच्या सगळ्या शिपायांचे गणवेश तुम्हीच शिवा. मास्तरांनी त्याच्यासमोर चष्मा काढला. तिथे खण नव्हता, म्हणून चष्मा साहेबांच्याच टेबलावर ठेवला. "तुमच्या मानसाईचं माप घ्यासाठी माझा हात त्याहीच्या अंगाले लागन. त्याहीचा हात माझ्या अंगाले लागला ते पुरे झालं."

त्या दिवशी घरात भांडण झालं. तट्ट्यातून सगळं ऐकू येत होतं. गिरजाकाकू ओरडली, "माफी खाता येते काय? मी कंबर मोडून राहिली ते दिसत नाही काय तुमाले?"

"दिसते," मास्तर म्हणाले. "म्हणूनच मांगतो. तुयीबी माफी मांगाची आहे त्याहीले."

काकू पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. पुढच्या वेळी मास्तर ठाण्यात निघाले तेव्हा ती सोबत गेली.

मग ऐंशीनंतरच्या कुठल्याशा उन्हाळ्यात शाळेतला रेडिओ आणि पितळी घंटा चोरीला गेली, आणि पुन्हा श्वानपथक आलं. कुत्रा दुसरा, साहेब दुसरे. गाव तसंच मागे. कुत्रा चौकात आला, घुटमळला आणि गोमाजीच्या ठेल्याला पुढचे पाय लावून उभा राहिला. गोमाजीचा चेहरा चुन्यासारखा झाला. तोंडातलं पान थुंकायचंही त्याला सुचेना. शिपायानं त्याचा दंड धरला.

मास्तर दुकानातून उठले. चष्मा खणात ठेवला आणि जीपच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले.

"बाजूला व्हा," साहेब म्हणाले.

"काहून? कुत्रा माझ्याबी दारात आलता. त्याचं काही चुकलं नोहतं, तो वासामांगं आलता. तुमी कायच्यामांगं येता?" मग वळले आणि सगळ्या गावाकडे बघून ओरडले, "अन् तुमी? काय पाहून राहिले बे? पुन्हा भुकाचं आहे काय? भुका! मले भुकले तसे याले भुका!"

मी पाना टाकला आणि मास्तरांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. गिरजाकाकू आली. रोवणीतल्या तिच्या बाया आल्या. शाळेचे गुरुजी आले. बघता बघता जीपसमोर माणसंच माणसं झाली. साहेब तरुण होते. शहाणे होते की घाबरले, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी गोमाजीचा दंड सोडायला लावला, गुरुजींच्या शाळेतली खुर्ची मागवली आणि चौकातच, सगळ्यांसमोर, गोमाजीला प्रश्न विचारले. कुठे होतास, कोणासोबत होतास, तुझ्या ठेल्यावर कोण कोण येतं. लोकांनी साक्षी दिल्या. जीप रिकामीच परत गेली. घंटेचा चोर कधीच सापडला नाही. न सापडो. गोमाजीचे दोन्ही हात शाबूत राहिले.

गोमाजी संध्याकाळी मास्तरांकडे आला आणि पाया पडायला वाकला. मास्तरांनी पाय मागे घेतले. "इकडे नको. ठेल्यावर जाय. ज्याहीले हासवत होतास त्याहीले सांग." गोमाजी गेला आणि त्यानं सांगितलं. रडत सांगितलं. एवढी एक माफी मास्तरांना चौकात मिळाली. ज्यांच्याकडून हवी होती, त्यांच्याकडून नाही.

त्यांच्यातला एक जण आला होता, पण फार उशिरा. मास्तर खाटेला लागले होते. एका दुपारी धोतर-सदऱ्यातला म्हातारा आला. मी ओळखला नाही, काकूनं ओळखला. ठाण्यातला जमादार, आता पेन्शनीत निघालेला. खाटेजवळ बसून हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, माझ्या हातून पाप झालं. मले माफ करा."

"कानात काहून सांगतेस गा?" मास्तर म्हणाले. "मी चोर नोहो हे मले मालूमच आहे. चौक दहा पावलांवर आहे. चाल," त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "हा वासू मले धरून आणते. तिथं सांग."

काकूनं दिलेला चहा जमादार प्यायला, त्यानं कप पालथा ठेवला आणि मागच्या गल्लीनं निघून गेला. मास्तर कुशीवर वळले.

धान कापणीच्या तोंडावर ते गेले. तळ्याच्या काठी सरण रचलं. आमच्याकडे घाटावर शोकसभा घेतात, गावातले मोठे लोक दोन शब्द बोलतात. सरपंच उभे राहिले. मास्तर गुणी होते, म्हणाले. कष्टाळू होते. त्यांच्यावर अन्याय झाला, पण त्यांनी मन मोठं केलं, जाता जाता सगळ्यांना माफ केलं.

"नाही!"

गोमाजी होता. गर्दीत मागे बसला होता, तो ताडकन उठला.

"सरपंच, खोटं नका बोलू. त्याहीनं कोणालेच माफ नोहतं केलं. ठाण्यातल्या कोणी मांगतलीच नाही चौकात, त माफ कोणाले करतीन? मेले तरी रागातच मेले. तसंच सांगा."

सरपंच खाली बसले. दुसरं कोणी बोलायला उठलं नाही.